मोटारीचे वय आणि मोटारीची प्रकृती

जून महिना उजाडला आणि बदल्यांचे हुकूम हाती पडू लागले, की विष्णुपुरीत एका प्रश्नाची चर्चा हमखास सुरू होते. नांदेड शहराबाहेर लातूरच्या रस्त्यावर, गोदावरीच्या बंधाऱ्यालगत असलेल्या या परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. तेथे काम करणारे लिपिक, परिचारिका, अध्यापक, प्रयोगशाळेतील साहाय्यक यांपैकी पुष्कळांना शहरातून रोज ये-जा करावी लागते. दुचाकीवर पत्नी आणि दोन मुले बसवून पावसातून जाण्यापेक्षा एखादी लहान मोटार बरी, असे त्यांस वाटले तर त्यात चैन कोणती? नवी घेण्याची ऐपत नसते, म्हणून आठ-दहा वर्षांची आल्टो, वॅगन-आर किंवा सँट्रो पाहिली जाते. सोसायटीचे कर्ज निघते, भविष्यनिर्वाह निधीतून थोडी उचल होते आणि व्यवहार ठरतो. ही मोटार रस्त्यावर चालविण्यास योग्य आहे की नाही, हे मात्र त्या लिपिकाने कोणास विचारावे, याचे उत्तर कोणापाशीच नसते.

विकणारा त्याच्या पुढ्यात कागद ठेवतो. नोंदणीचे पुस्तक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आर.सी. बुक, विम्याचे पत्र, पी.यू.सी. आणि नशिबाने असलीच तर सर्व्हिसिंगची वही. आर.सी. बुक मोटार कोणाची आहे ते सांगते. ती कशी आहे ते सांगत नाही. विम्याचे पत्र अपघात झाल्यावर भरपाई कोण देईल ते सांगते. पी.यू.सी. हे मोटारीच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र आहे असे समजणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. वस्तुतः पेट्रोलच्या मोटारीसाठी त्या चाचणीत इंजिन जागच्या जागी चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या इंधनाचे प्रमाण तेवढे मोजतात. स्टेअरिंग हातात निखळून येण्याच्या बेतात असले तरी पी.यू.सी. निर्मळ मिळू शकते. चारही कागद शंभर टक्के खरे असावेत आणि मोटार मात्र धोक्याची असावी, यात म्हणूनच कोणताही विरोधाभास नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी कायद्याकडे वळावयास हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहनांचे दोन वर्ग मानले आहेत. भाड्याने माणसे किंवा माल वाहणाऱ्या वाहनास कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. रिक्षा, ट्रक, टॅक्सी यांचे चालक ज्याला 'पासिंग' म्हणतात, ते हेच. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते करून घ्यावे लागते. खासगी मोटारीला मात्र ही अट नाही. तिची नोंदणी एकदा झाली की १५ वर्षे चालते. त्यानंतर प्रथमच ती अधिकाऱ्यासमोर उभी करावयाची आणि ठीक आढळली तर पुढील ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यावयाची. दरम्यानच्या १५ वर्षांत मोटार तीनदा विकली जावो, दीड लाख किलोमीटर धावो, झाडावर आपटून पुन्हा उभी राहो; शासनाच्या लेखी ती नवीनच असते.

ही विभागणी १९८८ सालची नव्हे. १९३९ च्या कायद्यातही ती होती. त्या काळचा विचार करता ती चुकीची नव्हती. खासगी मोटार तेव्हा वकील, डॉक्टर, जहागीरदार यांच्या दारी असे. तिला पगारी ड्रायव्हर असे आणि तिची देखभाल हा प्रतिष्ठेचा भाग असे. सामान्य माणूस बसमधून जात असे, म्हणून त्याच्या रक्षणासाठी बस तपासली जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चित्र पालटण्यास आरंभ झाला. २००० साली आल्टो आली. वीस वर्षांत तिची विक्री चाळीस लाखांवर गेली. आज तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती असलेली लहान मोटार ही एका अर्थाने गरिबांची खासगी बस आहे. तीत आजी-आजोबांसह सहा माणसे बसतात आणि सणासुदीला माहूर-तुळजापूर होते. कायदा मात्र अजून जहागीरदाराच्या मोटारीकडेच पाहत आहे.

येथे एक स्वानुभव सांगणे अस्थानी होणार नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने अशीच एक नऊ वर्षांची मोटार घेतली. रंग चकचकीत, आतील गाद्या नव्या, मीटरवर किलोमीटर अगदी माफक. कागद तपासण्यात दोन दिवस घालविले. शिक्षकी पेशामुळे कागदावर विश्वास फार. मोटार घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात ब्रेकचे पायडल खोल जाऊ लागले. ओळखीच्या मेस्त्रीने मागचे चाक काढून ड्रम उघडला, तेव्हा व्हील सिलिंडर गळत होता आणि ब्रेकचे शू तेलाने भिजलेले होते. मागील मडगार्डच्या आतील बाजूस हात फिरवून तो म्हणाला, "सर, ही गाडी मागून ठोकलेली आहे. रंग बघू नका, पत्र्याची शिवण बघा." पुट्टीचा थर बोटाएवढा जाड निघाला. विकणाऱ्याने फसविले असे म्हणावे, तर तोही दुसरा मालक होता. त्यास तरी हे ठाऊक होते की नाही कोण जाणे. ठाऊक असते तरी ते लिहून ठेवण्याची कोठे सोय होती?

मेस्त्री लोकांशी बोलावयास बसले, की लहान मोटारींच्या दुखण्यांचा एक नकाशाच उभा राहतो. आणि तो आपल्या प्रदेशाचाही नकाशा असतो. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता वरून कितीही गुळगुळीत केला तरी काही वर्षांत लाटा धरतो. हमरस्ते आता रुंद व सिमेंटचे झाले. परंतु लोहा, कंधार किंवा चाकूरच्या बाजूला आतील रस्त्यावर वळले की जुने दिवस परत येतात. बारा इंची चाकांची हलकी मोटार या लाटांवर आपटत धावते, तेव्हा प्रथम बळी जातात ते लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर. आवाज येऊ लागतो आणि मालक रेडिओ थोडा मोठा करतो. बॉल जॉइंट झिजून निखळला, तर पुढचे चाक एकाएकी आडवे पडते. मोटार धावत असताना हे घडले, तर चालकाच्या कौशल्यावर काहीही अवलंबून राहत नाही.

पुढची चाके फिरविणाऱ्या ॲक्सलच्या सांध्यावर रबरी टोपण असते. ते फाटले की आतील ग्रीस उडून जाते आणि धूळ शिरते. स्टेअरिंग पूर्ण वळवून मोटार हळू चालविली असता 'कट-कट' असा आवाज आला, तर हा सांधा गेला असे समजावे. टोपण शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ते वेळेवर न बदलल्याने येणारा खर्च हजारांत जातो. जुन्या मोटारींचे सारे अर्थशास्त्र या एका टोपणात आहे.

पाण्याची कथा निराळी. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांस आठवत असेल. ज्या भागात पिण्यास पाणी विकत घ्यावे लागते, तेथे रेडिएटरमध्ये कूलंट घालण्याची चैन कोण करणार? बोअरचे जड पाणी ओतले जाते. ते तापले की त्यातील क्षार नळ्यांच्या आत बसतात. घरच्या गीझरमध्ये बसतात तसेच. नळ्या अरुंद होतात, इंजिन तापू लागते. मे महिन्यात बाहेरचेच तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेलेले असते. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने ते अतितापाने वाकते आणि गॅस्केट उडते. पाणी तेलात मिसळून तेल दुधाळ होते. जुनी मोटार घेताना तेलाच्या झाकणाच्या आत पाहावे असे मेस्त्री सांगतो, ते याचसाठी. आत कॉफीच्या रंगाचा फेसाळ लेप असला, तर मुकाट्याने घरी यावे.

गंजाच्या बाबतीत मात्र आपण सुदैवी. येथील हवा कोरडी, त्यामुळे तळाचा पत्रा टिकतो. परंतु मुंबई-कोकणात खाऱ्या हवेत दहा वर्षे काढलेली मोटार दलालामार्फत येथे स्वस्तात येते आणि घेणाऱ्याला वाटते की मोठ्या शहरातील गाडी म्हणजे चांगल्या रस्त्यावर चाललेली गाडी. पुरात बुडालेल्या मोटारींचेही तसेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीस पूर आला; २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात खुद्द मराठवाड्यात पाणी घराघरांत शिरले. बुडालेली मोटार धुऊन, वाळवून, अत्तर मारून विकावयास किती वेळ लागतो? आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आणि गालिच्याखाली गाळ, एवढीच खूण मागे उरते.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते ब्रेक, दिवे आणि टायर यांकडे. आणि सर्वांत अधिक जीव जातात तेही यांच्याचमुळे जावेत असे आहेत. ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषून घेते. जुन्या तेलात पाण्याचा अंश वाढला की ते लवकर उकळते आणि सततच्या ब्रेकने तापल्यावर पायडल पोकळ होते. हे तेल साधारणतः दोन वर्षांनी बदलावयाचे असते. पण ते बदलावयाचे असते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो. ३२१८ असा आकडा असेल, तर तो टायर २०१८ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा वर्षांचा टायर चालविला जातो आणि उन्हाने कडक झालेले रबर मे महिन्यात फुटते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये असा मोटारींसाठी नियम आहे. तो मोजून पाहणारा माणूस प्रस्तुत लेखकास आजवर भेटलेला नाही. दिव्यांचे भिंग पिवळे पडते, परावर्तक काळवंडतो. मग त्यात पांढरे झगझगीत दिवे बसविले जातात. त्याने स्वतःला फारसे दिसत नाही, समोरच्याला मात्र काहीच दिसत नाही. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून चाललेल्या असताना याचा अर्थ काय होतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको.

ज्या लहान मोटारींविषयी आपण बोलत आहोत, त्यांपैकी पुष्कळशा मोटारींत ना एअरबॅग आहे ना ए.बी.एस. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नव्या मोटारींना सक्तीच्या झाल्या त्या २०१९ साली. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान मोटारींची टक्कर-चाचणी घेतली, तेव्हा आल्टो ८०० सह पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले होते. आघात सोसण्याची शक्तीच ज्या मोटारीत अल्प आहे, तिचे ब्रेक आणि टायर तरी उत्तम असावयास हवेत. आपण नेमके उलट करतो. नवी, भक्कम मोटार कंपनीच्या गॅरेजात जाते आणि जुनी, नाजूक मोटार नशिबावर सोडली जाते.

इतर देशांनी या प्रश्नाचे काय केले? ब्रिटनचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९६० साली परिवहन मंत्रालयाच्या नावाने 'एम.ओ.टी.' ही तपासणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांहून जुन्या मोटारींसाठी होती आणि ब्रेक, दिवे, स्टेअरिंग एवढेच पाहिले जाई. नापास होणाऱ्या मोटारी इतक्या निघाल्या, की वयाची मर्यादा झपाट्याने खाली आणावी लागली. १९६७ पासून ती तीन वर्षांवर आली. त्यानंतर दरवर्षी तपासणी. तिच्यासाठी सरकारने सर्वत्र स्वतःची केंद्रे उघडली नाहीत. परवाना दिलेल्या खासगी गॅरेजांनाच हे काम दिले आणि त्यांच्यावर देखरेख ठेवली. आजही तेथे पहिल्या तपासणीत साधारणतः दहांपैकी तीन मोटारी नापास होतात, आणि कारणे तीच: दिवे, सस्पेन्शन, ब्रेक, टायर. युरोपातील गुळगुळीत रस्त्यांवर ही स्थिती असेल, तर आपल्या रस्त्यांवरील मोटारींची तपासणी झाल्यास काय आढळेल, याचा तर्क वाचकांनीच करावा.

परंतु त्या पद्धतीतील खरी मोलाची गोष्ट पास-नापास ही नव्हे. तपासणीत मोटार पास झाली तरी 'टायर मर्यादेच्या जवळ आला आहे', 'ब्रेकची नळी गंजू लागली आहे' अशा सूचना लिहून दिल्या जातात. त्या सूचना, नापास झाल्याची कारणे आणि त्या दिवशी मीटरवर असलेला आकडा यांची नोंद राहते. मोटारीचा क्रमांक ठाऊक असलेला कोणीही माणूस तो सारा इतिहास विनामूल्य पाहू शकतो. मीटर मागे फिरविणाऱ्याचे फावत नाही, कारण गेल्या वर्षीचा आकडा साऱ्या जगाला दिसत असतो. बेल्जियममध्ये तर जुनी मोटार विकताना किलोमीटरचा अधिकृत दाखला देणे २००६ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडेही 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत मोटारीचा क्रमांक घालून नोंदणी, विमा आणि पी.यू.सी. यांच्या मुदती पाहता येतात. यंत्रणा आहे, संगणक आहे, क्रमांक आहे. फक्त मोटारीविषयी लिहिण्यासारखे आपल्यापाशी काहीच नाही, कारण कोणी तिच्याकडे पाहिलेलेच नाही.

आपल्या शासनाने गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात बरीच हालचाल केली, हे मान्य केले पाहिजे. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण २०२१ च्या मार्चमध्ये संसदेत मांडले गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. सप्टेंबरात स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम निघाले. या केंद्रांत रोलरवर चाके फिरवून ब्रेक मोजतात, दिव्यांचा झोत मोजतात, सांध्यांतील ढिलाई यंत्राने पाहतात आणि निकाल थेट संगणकात जातो. महाराष्ट्रात नाशिक येथे असे केंद्र यापूर्वीच उभे राहिले होते. ही दिशा योग्य आहे. तथापि यंत्रांचा हा रोख अजूनही प्रामुख्याने व्यापारी वाहनांकडे आहे आणि सक्तीच्या मुदती पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या.

त्याहून गंभीर गोष्ट ही, की या साऱ्या धोरणाच्या मुळाशी मोटारीची प्रकृती नसून मोटारीचे वय आहे. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला या वयाच्या कसोटीचा फेरविचार करावा लागला. सरकारी मालकीची पंधरा वर्षांवरील वाहने १ एप्रिल २०२३ पासून सरसकट बाद ठरली. त्यांत चांगली किती आणि वाईट किती, हा प्रश्नच उद्भवला नाही. सामान्य माणसाच्या बाबतीत वयाचा दंड शुल्काच्या रूपाने आला. पंधरा वर्षांनंतर मोटारीची नोंदणी वाढविण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहा हजार झाले. निवृत्त मुख्याध्यापकाने महिन्यातून चार वेळा काढलेली, दरवर्षी तेल बदललेली वीस वर्षांची मोटार आणि सात वर्षांत चार हात फिरलेली, ब्रेक नसलेली मोटार यांत शासनाच्या दृष्टीने दोषी पहिली ठरते. दुसरीला आणखी आठ वर्षे कोणी विचारणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला असा, की अपघात मोटारीच्या दोषाने होत नाहीत, माणसाच्या दोषाने होतात. २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मरण पावली. यांपैकी बहुतेक मृत्यूंचे कारण सरकारी अहवालात 'अतिवेग' असे नोंदलेले आहे. वेग हे कारण आहे यात शंका नाही. परंतु ज्या वेगात चांगले ब्रेक मोटार थांबवितात त्याच वेगात वाईट ब्रेक थांबवीत नाहीत, तेव्हा नोंद अतिवेगाचीच होते. कायद्याच्या कलम १३६ नुसार अपघातात सापडलेल्या वाहनाची तपासणी करण्याचा अधिकार शासनाच्या अधिकाऱ्यास आहे आणि तो प्रसंगी येऊन ब्रेक, स्टेअरिंग पाहून अहवाल देतो. म्हणजे खासगी मोटारीचा ब्रेक पंधरा वर्षांच्या आत सरकारी माणसाच्या नजरेस पडावयाचा असेल, तर आधी अपघात व्हावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा. तपासणी सक्तीची केली, की तिचे पी.यू.सी. होईल, मोटार न पाहता शिक्का मिळेल, आर.टी.ओ.च्या दाराशी एजंटांची आणखी एक रांग उभी राहील आणि भुर्दंड गरीब मालकास पडेल. हा अनुभवाचा बोल आहे. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांना वाहनांच्या योग्यता तपासणीतील त्रुटींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. ब्रेकच्या चाचणीसाठी २५० मीटरांचा पट्टा नसेल तर योग्यता प्रमाणपत्र देऊ नये, असे २०१६ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले. तोवर राज्यातील अनेक कार्यालये ट्रक आणि बसगाड्यांना ब्रेक न तपासताच रस्त्यावर सोडत होती, असाच याचा अर्थ. पण यातून तपासणी नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे परीक्षेत कॉपी होते म्हणून परीक्षाच रद्द करण्यासारखे आहे. शिक्क्याचा मोह कमी करावयाचा असेल, तर निकाल उघडा करावा. ज्या केंद्राने ब्रेक ठीक असल्याचे लिहिले त्याचे नाव, तारीख आणि मोजलेला आकडा उद्याच्या ग्राहकास दिसणार असेल, तर लिहिणारा दोनदा विचार करील.

कायद्याने यासाठी दार उघडून ठेवलेले आहे, हे पुष्कळांच्या लक्षात आलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५६ मधील योग्यता तपासणीच्या तरतुदी खासगी वाहनांनाही लागू करण्याची मुभा केंद्र शासनास दिली. साऱ्या खासगी मोटारी एकाच वेळी तपासावयास घेतल्या तर यंत्रणा कोलमडेल, यात शंका नाही. म्हणून आरंभ हस्तांतरणापासून करावा. मोटार हात बदलते तो क्षण तपासणीस सर्वांत योग्य. कारण तेव्हा घेणाऱ्यास जाणून घ्यावयाचे असते, विकणाऱ्यास किंमत हवी असते आणि नाव बदलण्यासाठी कागद कार्यालयात जाणारच असतो. मोटार नापास झाली म्हणून विक्री अडविण्याचेही कारण नाही. दोष लिहिले जावेत, घेणाऱ्याने वाचावेत, त्याप्रमाणे किंमत ठरावी. जीवघेणा दोष तेवढा दुरुस्त केल्याशिवाय नाव चढू नये.

माणसे कोठून आणावयाची, असा प्रश्न विष्णुपुरीत तरी विचारू नये. येथे अभियांत्रिकी संस्था आहे. नांदेड-लातुरात तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा करून मुले बाहेर पडतात आणि पुण्याच्या गाडीत बसतात. त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली एक लिफ्ट, एक ब्रेक-रोलर आणि दिव्यांचा झोत मोजण्याचे एक यंत्र एवढ्या सामग्रीवर माफक शुल्कात तपासणी करून देता येईल. ती कायदेशीर प्रमाणपत्राची जागा घेणार नाही, पण ज्या अध्यापकास आज कोणी विचारत नाही त्यास दोन पानी अहवाल तरी हाती मिळेल. मेस्त्रीच्या ज्ञानाविषयी प्रस्तुत लेखकास आदर आहे. तथापि तो अनेकदा विकणाऱ्याच्या ओळखीचा असतो आणि त्याचे मत तोंडी असते.

जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्यांवर केंद्र शासनाने २०२२ च्या डिसेंबरात नियम लागू केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते अमलात आले. व्यापाऱ्याने अधिकृत नोंदणी करावी, मोटार त्याच्या ताब्यात असेतो तोच मालक मानला जाईल, तिच्या फेऱ्यांची व किलोमीटरची नोंद ठेवावी, असे त्यात आहे. नियम चांगले आहेत. परंतु आपल्याकडे असे पुष्कळ व्यवहार ओळखीने, चहाच्या टपरीवर, एखाद्या मधल्या माणसाच्या मध्यस्थीने होतात. नाव बदलण्याचे राहून जाते. को-या फॉर्मवर सही करून विकणारा मोकळा होतो. तो मोकळा होत नाही, हे मात्र त्यास फार उशिरा कळते. २०१८ च्या फेब्रुवारीत 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मोटार कितीही हात फिरली तरी ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच भरपाईस जबाबदार. म्हणजे आपण दोन वर्षांपूर्वी विकलेल्या मोटारीचे गळके ब्रेक कोठेतरी कोणाचा जीव घेत असतील, तर नोटीस आपल्या दारी येईल. विकणाऱ्यासही तपासणीचा लेखी कागद हवासा वाटावा, असे हे कारण आहे.

हस्तांतरणासाठी भरावयाचे दोन नमुने आहेत, २९ आणि ३०. त्यांत विकणाऱ्याचे नाव लिहावे लागते, घेणाऱ्याचे नाव लिहावे लागते, दोघांचे पत्ते, मोटारीचा क्रमांक आणि कर्ज असल्यास वित्तसंस्थेचा उल्लेख करावा लागतो. शेवटी दोघांच्या सह्या. मीटरवरील किलोमीटरसाठी त्यांत रकाना नाही, ब्रेकसाठी नाही, टायरसाठीही नाही. कायदा बदलण्यास वर्षे लागतात. नमुन्यात चार रकाने वाढविण्यास एक अधिसूचना पुरते.